आठवीचा साखर-मीठ प्रकल्प आणि गूगल शीट: वापरून पाहिल्यावर

दोन शाळांच्या मुलांनी मिळून आरोग्याचा एखादा प्रकल्प ऑनलाइन करायचा असेल, तर गूगल फॉर्म आणि गूगल शीट एवढं पुरतं. मी कळव्याच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते, मैत्रीण कोपरखैरण्याला. ठाणे-वाशी लोकलने अंतर फार नाही, पण दोन वर्ग घेऊन दर आठवड्याला कोण जाणार? म्हणून आमच्या आठवीच्या मुलांनी खाऊच्या पाकिटांवरची साखर आणि मीठ मोजायचा प्रकल्प फोनवरूनच केला. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं होतं. आम्ही राज्य मंडळाच्या, पण चांगली कल्पना उचलायला मंडळ कशाला आडवं येईल?

आधी फॉर्मबद्दल. प्रश्न मराठीत, उत्तरं आकड्यात. पदार्थाचा प्रकार, पाकिटाचं वजन, १०० ग्रॅममागे सोडियम किती, साखर किती, वरून घातलेली साखर किती. कंपनीचं नाव विचारलंच नाही, नाहीतर अर्धा वर्ग आपल्या आवडत्या वेफर्सची वकिली करत बसला असता. आकड्याच्या रकान्याला पडताळणी लावता येते, म्हणजे तिथे ‘खूप’ असं लिहून फॉर्म पुढे जात नाही. ही सोय पहिल्या दिवशीच लावा. फोटो मागवायचा मोह मात्र टाळा. फॉर्ममधून फाइल चढवायची तर मुलाला गूगल खात्यात साइन इन करावं लागतं, फोन असतो बाबांचा, आणि फोटो जाऊन बसतात तुमच्या १५ जीबीच्या मोफत ड्राइव्हमध्ये. लेबलाचे फोटो आम्ही वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतले.

फोनचा मुद्दा लागलीच सांगते. बाबा कामावरून घरी आले की फोन मोकळा, त्यामुळे सगळी नोंद रात्री आठनंतर. ‘मुलं दुपारी एकत्र ऑनलाइन काम करतील’ असं वेळापत्रक कागदावरच शोभतं. शीटचं बरं हे की सगळ्यांनी एकाच वेळी हजर असावं लागत नाही.

खरी मजा शीटमध्ये. फॉर्मची उत्तरं आपोआप तिथे ओळीने येतात. मुलांना आम्ही बदल करायची परवानगी दिली नाही, फक्त कमेंटची दिली. लिंकवरून आलेला माणूस शीटमध्ये अनोळखी प्राण्याच्या रूपात दिसतो, त्यावर पहिली संध्याकाळ गेली. ‘बाई, हा कोल्हा कोण आहे?’ मग नियम केला: कमेंटच्या सुरुवातीला आपला कोड लिहायचा. कळव्याचा ‘क’, कोपरखैरण्याचा ‘को’, पुढे हजेरी क्रमांक. नावं कुठेच नाहीत.

एका वेफर्सच्या पाकिटासमोर कळव्याच्या मुलीने सोडियम १६० मिलिग्रॅम लिहिलं होतं, कोपरखैरण्याच्या मुलाने त्याच पाकिटासमोर ८००. कमेंटमध्ये जुंपली. ‘पाकीट बघ.’ ‘बघितलंय.’ ‘चष्मा लाव.’ आम्ही दोघी गप्प बसलो. दोघांनी फोटो टाकले तेव्हा कळलं की दोघंही बरोबर. एकीने ‘प्रति सर्व्ह’चा, म्हणजे एका वेळच्या खाण्याचा, २० ग्रॅमचा रकाना वाचला होता, आणि दुसऱ्याने १०० ग्रॅमचा. तिसऱ्याच एका पोराने खाली लिहिलं, ‘पण पाकीट तर ४८ ग्रॅमचं आहे, आणि अर्धं ठेवून कोण देतं?’ मग पूर्ण पाकिटाचा हिशेब झाला: ३८४ मिलिग्रॅम सोडियम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, म्हणजे जवळपास एक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. त्याचा पाचवा हिस्सा मधल्या सुट्टीतच संपला, आणि डबा अजून उघडायचाय! तासभर फळ्यावर शिकवून हे असं डोक्यात शिरलं नसतं.

साखरेचं तुलनेने सोपं गेलं. २०० मिलिलिटरचं आंब्याचं पेय, १०० मिलिलिटरमागे १३ ग्रॅम, म्हणजे डब्यात २६ ग्रॅम. चहाचा एक चमचा चार ग्रॅमचा धरला तर साडेसहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी अधिक कडक मर्यादा सुचवली, ती मोठ्या माणसासाठी दिवसाला साधारण २५ ग्रॅमवर येते. गुणाकार शीटच करते, सूत्र एकदा लिहून खाली ओढायचं. पण पहिल्या पाच ओळी मुलांकडून वहीत करून घ्या.

याच प्रकल्पात आम्ही फलकाचं एक ॲपही वापरलं, भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्यासारखं दिसणारं. त्याचं नाव लिहीत नाही. पोस्टर सुंदर झाली, पालकांनी कौतुक केलं, मुख्याध्यापकांनी स्टेटसला ठेवलं, आणि एकाही मुलाने दुसऱ्याच्या पोस्टरवर आकड्याबद्दल प्रश्न विचारला नाही. नुसते बदाम आणि टाळ्या. शाळेच्या प्रदर्शनाला ते ठीक आहे.

समारोपाचा तास गूगल मीटवर घेतला. मोफत खात्यात तीन किंवा जास्त जण असले की ६० मिनिटांची मर्यादा असते. मला ती सोयीची वाटते, कारण त्यापुढे आठवीचं कुणीही ऐकत नाही.

एका गोष्टीवर मैत्रिणीशी माझं जमलं नाही. तिचं म्हणणं, मुलांची उंची-वजनं पण शीटमध्ये घेऊ, बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा, आलेख छान येईल. मी नाही म्हटलं. कोड दिले तरी हजेरी क्रमांकावरून कोण ते वर्गात दोन मिनिटांत कळतं, आणि मग त्या मुलाला वर्षभर नाव पडतं. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. पाकिटाचं वजन शीटमध्ये चालेल, मुलाचं नाही.

उणं काय? मोबाइलवर शीट वाचायची म्हणजे डोळ्यांना त्रास, रकाने सहापेक्षा जास्त ठेवूच नका. कमेंट वाढल्या की जुन्या सापडत नाहीत, निकाली निघालेल्या लगेच बंद करत चला. लेबलं बहुधा इंग्रजीत, म्हणून सुरुवातीला शब्दांची एक यादी ग्रुपवर टाकावी लागते. सहावीच्या खाली हा प्रकार नेऊ नका, दशांशातच अडकतील.

आणि ज्याला लेबलच नाही त्याचं काय करायचं हे शीट सांगत नाही. ‘बाई, स्टेशनबाहेरच्या वडापावात मीठ किती?’ हा प्रश्न कोपरखैरण्याहून आला, कळव्याच्या पोरांनी उचलून धरला. ती ओळ अजून रिकामी आहे. पुढच्या सत्रात घरी वडे करून, मीठ तोलून घालून ती भरायची असं मुलांनीच ठरवलंय. पाचपैकी चार तारे.