खाडी, सडा आणि चौतीस दाते: शिमानो १०५ जीएस डिरेलरचं परीक्षण

रेवस-रेडी सागरी मार्ग नकाशावर पाहिला तर समुद्राला लगटून सपाट चाललेला वाटतो. प्रत्यक्षात तो खाडीवर उतरतो, सड्यावर म्हणजे जांभ्याच्या पठारावर चढतो आणि पुढच्या खाडीवर पुन्हा उतरतो. दाभोळ-धोपावे काय, जयगड-तवसाळ काय, फेरीबोटीतून सायकल उतरवली की पाय गरम व्हायच्या आतच चढ पुढ्यात उभा. कुंभार्ली, आंबा, आंबोली हे घाट लांबलचक खरे, पण मालट्रक चढावेत म्हणून आखलेले, त्यामुळे चढ बराचसा एकसारखा. दम निघतो तो गावातून सड्यावर जाणाऱ्या एक-दीड किलोमीटरच्या घाट्यांवर. १० टक्क्यांच्या वरचे तुकडे तिथे लागतात, आणि दिवसभरात असे पाच-सहा चढ होतात. ५०/३४ चा क्रँक (पुढच्या दोन दातेरी चक्रांचे, म्हणजे चेनरिंगचे दाते) आणि ११-२८ ची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच, सर्वांत लहान ११ आणि मोठं २८ दात्यांचं) असलेली रोड बाइक तिथे गुडघ्यांची परीक्षा घेते.

हिशेब साधा आहे. ७००×२५ च्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. पुढे ३४ आणि मागे २८ असताना मिनिटाला ६० फेऱ्यांनी पेडल मारलं तर वेग ताशी ९.२ किलोमीटर होतो. मागे ३४ घातलं तर त्याच फेऱ्यांत ७.६. सायकल, सामान आणि स्वार मिळून ८० किलो धरले, तर १० टक्के चढावर नुसतं वजन वर न्यायला पहिल्यात सुमारे २०० वॅट लागतात, दुसऱ्यात १६५. पहिल्या चढाला हा फरक फारसा जाणवत नाही. पाचव्याला जाणवतो, कारण तोवर ६० फेऱ्यांच्या ४५ झालेल्या असतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो.

११ स्पीडच्या (मागे ११ चक्रं असलेल्या) बाइकवर मागे ३४ बसवायचं तर शिमानो १०५ च्या आर७००० मालिकेतला लांब पिंजऱ्याचा डिरेलर (मागच्या चक्रांवरून चेन सरकवणारा आणि ताणून धरणारा भाग), म्हणजे जीएस, ही आजही सर्वांत समजूतदार निवड आहे. याच मालिकेत आखूड पिंजऱ्याचा एसएसही येतो. खोक्यावरचं चित्र पाहून दोघांतला फरक कळत नाही, म्हणून अक्षरं वाचूनच पैसे द्या. एसएस मागे जास्तीत जास्त ३० दाते घेतो, त्याची एकूण क्षमता ३५. जीएस ३४ दाते घेतो, क्षमता ३९.

क्षमता म्हणजे डिरेलर किती ढिली चेन ओढून धरू शकतो तो आकडा. पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक अधिक कॅसेटच्या मोठ्या-लहान चक्रातला फरक. ५०/३४ आणि ११-३४ असेल तर १६ अधिक २३, बरोबर ३९. ५२/३६ लाही पुढचा फरक १६ च, तेव्हा तिथेही हाच डिरेलर चालतो. जीएसला हे गणित काठोकाठ बसतं, एक दाताही शिल्लक राहत नाही. म्हणून पुढे ४८/३१ चा ग्रॅव्हल क्रँक लावायचा विचार असेल तर आधी हा हिशेब बघा: १७ अधिक २३ म्हणजे ४०.

या दोन मर्यादांपैकी कुठली थोडी ताणता येते आणि कुठली नाही, हे बरेचदा उलटं सांगितलं जातं. क्षमता दोन-तीन दात्यांनी कमी पडली तर लहान चेनरिंग आणि लहान चक्रावर चेन लोंबते. तो गिअर तसाही वापरू नये. मोठ्या चक्राची मर्यादा ओलांडली तर मात्र डिरेलरची वरची पुली (चेन फिरवणारं छोटं चाक) चक्रालाच घासते. एसएसवर ३२ कधीकधी निभतं, फ्रेमचा हँगर (डिरेलर जिथे अडकतो तो तुकडा) किंचित लांब असेल तर. ३४ च्या नादाला लागू नये. आणि सर्वांत घातक म्हणजे आखूड चेन. चुकून मोठ्या चेनरिंगवरून मोठ्या चक्रावर गेलात आणि चेन पुरली नाही, तर डिरेलर, हँगर आणि कधी फ्रेमचा तो कोपराही जातो.

कुठल्या शिफ्टरशी (हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याशी) जमतं ते आधी तपासा. आर७००० जीएस शिमानोच्या ११ स्पीड रोड शिफ्टरशी चालतो, म्हणजे ५८००, ६८००, आर७०००, आर८००० या सगळ्या मालिकांशी. शिमानोचीच टिॲग्रा ४७०० मालिका दहा स्पीडची असूनही तिची केबल ओढण्याची पद्धत ११ स्पीडसारखीच आहे, पण तिच्या स्वतःच्या जीएस डिरेलरला ३४ चालतंच, मग १०५ कशाला? जुनी १०५ ची ५७०० किंवा टिॲग्राची ४६००, तसंच शिमानोच्या स्वस्त सोरा आणि क्लॅरिस मालिका यांचं केबल ओढणं वेगळं, तिथे हा डिरेलर क्लिकागणिक चुकत जाईल. सोरा आर३००० आणि क्लॅरिस आर२००० यांचे जीएस डिरेलरही ३४ घेतात. त्या शिफ्टरना नऊ स्पीडचा माउंटन बाइकचा डिरेलरही जुळतो. त्यातला शिमानोचा अलिव्हिओ लावला तर ३६ पर्यंत जाता येतं. दहा-अकरा स्पीडचे माउंटन डिरेलर मात्र रोड शिफ्टरशी जमत नाहीत, स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत.

आता त्रुटी. डिरेलरची नव्हे, ११-३४ च्या कॅसेटची. तिची चक्रं ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. म्हणजे १२, १४, १६ नाहीतच. सपाट भागात समोरून खारा वारा असताना १३ जड आणि १५ हलकं वाटतं, मधलं हवं असतं ते सापडत नाही. गटाने चालवणाऱ्यांना हे जास्त खुपतं. ज्यांचे चढ मोजकेच आहेत त्यांनी ११-३२ घ्यावी. तीत १२ आणि १४ दोन्ही आहेत, क्षमता ३७ लागते, म्हणजे डिरेलर जीएसच. बारा स्पीडच्या आर७१०० मालिकेत ११-३४ असूनही ११ ते १५ सलग मिळतात आणि ३६ पर्यंत जाता येतं. पण तिथे शिफ्टरपासून चेनपर्यंत सगळं बदलावं लागतं. नुसत्या चढासाठी तो खर्च पटत नाही.

जांभ्याच्या कच्च्या रस्त्यांवर ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांच्यासाठी शिमानोचाच जीआरएक्स आरएक्स८१० हा डिरेलर दुसरा पर्याय. मर्यादा तीच ३४, क्षमता ४०, आणि क्लच (पिंजरा घट्ट धरून ठेवणारी योजना) असल्याने चेन फ्रेमवर आपटत नाही. पण सर्वांत मोठं चक्र किमान ३० दात्यांचं असावं लागतं, आणि शिफ्टर दाबायला किंचित जड होतो. डांबरी रस्त्यापुरतं बोलायचं तर क्लचची गरज नाही. हँगर खाली आणणारी जोडपट्टी लावून आखूड डिरेलरवर मोठी कॅसेट बसवायचा सल्लाही मिळेल. तिने पुलीला जागा मिळते, क्षमता वाढत नाही, आणि लहान चक्रांवर पुली लांब राहिल्याने गिअर आळसावतात.

बसवताना घाई नडते ती कॅसेटपाशी. शिमानोची ११ स्पीड ११-३४, म्हणजे एचजी७०० किंवा एचजी८००, ११ स्पीडच्या रोड हबवर (मागच्या चाकाच्या मध्यावर) थेट बसत नाही. मागे १.८५ मिलिमीटरची रिंग घालावी लागते. ती विसरली की लॉकरिंग (कॅसेट आवळणारी कडी) पूर्ण आवळूनही कॅसेट हलत राहते, आणि दोष डिरेलरच्या माथी मारला जातो. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटर. डिरेलर लावण्याआधी हँगर गेजने सरळ आहे का पाहा. आत वाकलेला असेल तर सर्वांत मोठ्या चक्रावर पिंजरा स्पोकमध्ये जाईल. मग डिरेलर ८ ते १० न्यूटन-मीटरने आवळा.

२८ साठी कापलेली जुनी चेन इथे पुरत नाही, नवी घ्या. डिरेलरमधून न ओवता ती मोठ्या चेनरिंग आणि मोठ्या चक्रावरून फिरवा, जिथे टोकं जुळतील त्यापुढे दोन कड्या ठेवून कापा. ४१ सेंटिमीटरच्या चेनस्टेला (क्रँकपासून मागच्या चाकापर्यंतच्या फ्रेमच्या नळीला) साधारण ११० कड्या होतात, म्हणजे ११६ ची चेन पुरते. शेवटी डिरेलरवरचा बी-टेन्शन स्क्रू. पुढे लहान, मागे ३४ अशा गिअरमध्ये चेन ठेवून वरची पुली चक्रापासून ५-६ मिलिमीटर राहील इतका फिरवा. उलटं पेडल मारून घासत नाही ना ते बघा. लांब ठेवली तर घासणार नाही, पण २७ वरून ३० वर जाताना चेन अडखळेल. डिरेलरकडे येणारं मागचं केबल-आवरण आधीच्या ५८०० सारखं मोठा वळसा घेत नाही. २४ सेंटिमीटरचं मऊ आवरण वापरा. जुना लांब तुकडा तसाच ठेवला की गिअर कितीही लावले तरी डळमळतात.

खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या हँगरमध्ये पोलादी बोल्ट धरून बसतो. म्हणून बसवतानाच आट्यांना ग्रीस लावा, लिमिट स्क्रूंनाही (डिरेलर दोन्ही टोकांना किती सरकेल ते ठरवणारे). फेरीबोटीवर किंवा समुद्राकाठी तुषार उडाले असतील तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, जोराचा फवारा न मारता. पावसाळ्यात तांबडी माती पुलीत गच्च बसते आणि सुकली की विटेसारखी होते. महिन्यातून एकदा दोन्ही पुल्या काढून पुसा. केबल पावसाआधी आणि दिवाळीच्या सुमारास बदला, तारेपेक्षा आवरणातला गंज आधी त्रास देतो. एसटीच्या टपावर किंवा फेरीबोटीत सायकल उजव्या अंगावर आडवी टाकू देऊ नका, हँगर तिथेच वाकतो. आपल्या फ्रेमचा सुटा हँगर वाटेतल्या गावात सहसा मिळत नाही. एक पिशवीत ठेवा, सोबत ५ ची ॲलन की.