वाद्यवृंदाच्या सॅम्पलसाठी संगणक: मॅक मिनी की जुळवलेला डेस्कटॉप?

नाटकांना पार्श्वसंगीत देणाऱ्या नाशिकच्या एका तरुण मित्राने हा प्रश्न विचारला, तेव्हा मी प्रोसेसरच्या जाहिराती बाजूला ठेवून आधी रॅमचा विचार करायला सांगितले. कारण सॅम्पलर, म्हणजे खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित स्वर (सॅम्पल) वाजवणारे सॉफ्टवेअर, प्रत्येक स्वराचा फक्त सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये ठेवतो आणि उरलेला भाग वाजवतानाच डिस्कवरून ओढून घेतो. व्हायोलिनच्या एकाच विभागाचे लेगाटो, स्टॅकाटो, पिझिकाटो असे वादनाचे प्रकार आणि त्यांची निरनिराळ्या माइकवरची ध्वनिमुद्रणे उघडली, की काही जीबी सहज भरतात.

मॅक मिनी या अ‍ॅपलच्या छोट्या संगणकाची रॅम नंतर वाढवता येत नाही आणि खरेदीच्या वेळी जास्त रॅम घ्यायची तर ती फार महाग पडते. डेस्कटॉपमध्ये आज ४८ जीबी रॅमच्या दोन स्टिक घालून पुढे भर घालता येते. मात्र चारही स्लॉट भरले की डीडीआर५ प्रकारच्या या रॅमचा वेग बहुधा उतरतो. साठवणुकीत फारसा फरक नाही, सॅम्पल बाहेरून जोडलेल्या एनव्हीएमई एसएसडी या वेगवान डिस्कवरूनही उत्तम चालतात.

शांततेत आणि विजेच्या खर्चात मात्र मॅक निःसंशय सरस आहे. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये डेस्कटॉपचा पंखा माइकला ऐकू येतो, आणि वीज गेल्यास त्याला मोठा यूपीएस लागतो.

एकांकिकांसाठी तीस-चाळीस ट्रॅक आणि त्याच खोलीत गायन ध्वनिमुद्रण असेल, तर ३२ जीबीचा मॅक मिनी घ्यावा. पूर्ण वाद्यवृंदाचा टेम्प्लेट (सगळी वाद्ये आधीच मांडून ठेवलेली फाइल) कायम उघडा ठेवायचा असेल, तर डेस्कटॉपच घ्यावा.