शनिवारी रात्री कोणता लावायचा? कमी बजेटच्या चार विज्ञान-भयपटांची तुलना

कोथरूडला कोणाच्या तरी फ्लॅटवर चार-पाच मित्र, भाड्याने आणलेला प्रोजेक्टर आणि 'आज सायफाय-हॉरर बघू, पण तो कमी पैशांत काढलेला' असा ठराव. इथवर सगळं गुण्यागोविंदाने होतं. नावं निघाली की वाद पेटतो. त्या वादात येणारी चार नावं इथे घेतली आहेत: 'क्यूब' (१९९७), 'मॉन्स्टर्स' (२०१०), 'कोहेरन्स' (२०१३) आणि 'द व्हास्ट ऑफ नाइट' (२०१९).

माझा कौल आधीच देऊन टाकतो. घोळक्याने बघायचा असेल तर 'क्यूब'. एकट्याने, हेडफोन लावून बघायचा तर 'व्हास्ट'. सिनेमा संपल्यावर दोन तास भांडायची हौस असेल तर 'कोहेरन्स'. 'मॉन्स्टर्स'ला शेवटचा नंबर, पण त्यात एक मेख आहे.

'क्यूब'चा सेट म्हणजे १४ बाय १४ फुटांची एक खोली. दिग्दर्शक विन्सेंझो नतालीकडे साडेतीन लाख कॅनेडियन डॉलर होते आणि गोष्टीत हव्या होत्या हजारो खोल्या, काहींत जीवघेणे सापळे आणि त्यात अडकलेली माणसं. मग भिंतींचे रंगीत पॅनल बदलायचे, मागून उजेड सोडायचा, की झाली लाल खोली, झाली निळी. पात्रं दारातून पलीकडे उतरतात ती फिरून त्याच खोलीत. माणसाचं वजन पेलेल असं दारही एकच होतं म्हणे. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका बघितलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. तिथेही दिवे बदलले की त्याच दोन लेव्हल्सवर (चौथऱ्यांवर) गाव उभं राहतं आणि तुरुंगही. 'क्यूब'ची कमाल पुढे आहे. सगळ्या खोल्या सारख्याच असल्यामुळे आत अडकलेल्यांना वाट सापडत नाही, आणि बघणाऱ्यालाही हळूहळू गुदमरायला होतं. पैसे नव्हते म्हणून खोली एक, आणि तीच गोष्टीची भीती होऊन बसली.

आता उणी बाजू. दारांवर तीन आकडी संख्या कोरलेल्या असतात आणि गणिताची विद्यार्थिनी लीव्हन त्यांतल्या मूळ संख्यांवरून सापळे ओळखायला लागते. इथवर मजा येते. पण पुढे हीच मुलगी तीन आकडी संख्यांचे अवयव तोंडी पाडणं कोणालाच शक्य नाही म्हणून हात टेकते. आपल्याकडे स्कॉलरशिपला बसलेलं पाचवीचं पोर कागदही न घेता सुरुवात करेल! अभिनयाचं तर विचारूच नका. पोलिसाचं काम करणारा नट पहिल्या अर्ध्या तासातच असा ओरडायला लागतो की पुढे चढायला पायरीच उरत नाही. शिवाय अडकलेल्यांतला एक जण स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे; स्वमग्न माणूस म्हणजे आकडेमोडीचं यंत्र, ही कल्पना आज खटकते. तरी नव्वद मिनिटं कोणी उठत नाही, हे खरं.

'कोहेरन्स'ला एवढाही सेट नाही. जेम्स वॉर्ड बर्किटने स्वतःच्याच घरात, पाच रात्रींत, अंदाजे ५०,००० डॉलरमध्ये तो उरकला. त्या वेळच्या दराने ३० लाखांच्या आत-बाहेर. एवढ्यात आज कोथरूडला वन बीएचकेसुद्धा येत नाही. गोष्ट अशी: आठ जण जेवायला जमतात, आकाशात धूमकेतू असतो आणि दिवे जातात. नटांना बांधीव संवाद दिलेलेच नव्हते. ज्याने-त्याने आपलं पात्र आज काय करणार एवढीच टिपणं वाचायची, शेजारच्याच्या हातात काय आहे ते ठाऊक नाही. त्यामुळे दारावर थाप पडते तेव्हा चेहऱ्यांवरचा गोंधळ अस्सल वाटतो. अभिनयात 'क्यूब' जिथे मार खातो तिथे हा बाजी मारतो.

किंमत मात्र बघणारा मोजतो. आठही जण एकदम बोलतात, कॅमेरा हातात डुगडुगतो आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं कोणाचं कोणाशी पूर्वी काय होतं यातच जातात. पात्रांची नावं लक्षात राहीपर्यंत अर्धे प्रेक्षक चहा टाकायला गेलेले असतात. शास्त्राचा भाग तर अगदीच सोयीचा: जमलेल्यांपैकी एकाच्या भौतिकशास्त्रज्ञ भावाचं पुस्तक नेमकं गाडीत असतं आणि नेमकं हवं तेच त्यात सापडतं. विज्ञान दिनाला आयुकात, म्हणजे पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेत, रांग लावणारा एखादा मित्र ग्रुपमध्ये असेल तर तो इथे सिनेमा थांबवून प्रश्न विचारणार, तयारी ठेवा.

'द व्हास्ट ऑफ नाइट' या दोघांहून महाग, सात लाख डॉलरचा. हॉलीवूडच्या हिशेबात तेही किरकोळच. १९५० च्या दशकातलं अमेरिकेतलं छोटं गाव, टेलिफोन एक्स्चेंजवरची मुलगी, रेडिओवरचा निवेदक आणि लाइनवर ऐकू आलेला एक विचित्र आवाज. अँड्र्यू पॅटरसनने सगळी भिस्त कानांवर ठेवली आहे. मुलगी स्विचबोर्डवर एक पिन काढते, दुसरी खुपसते, ऐकते, पुन्हा काढते. कॅमेरा कितीतरी वेळ तिच्यावरून हलत नाही आणि आपण श्वास रोखून बसतो. एका ठिकाणी पडदा चक्क काळा होतो आणि फोनवरचा माणूस बोलत राहतो. म्हणूनच हा घोळक्यात लावू नका. पंख्याची घरघर, खाली सोसायटीत कोणाची तरी गाडी रिव्हर्स येतेय, आणि लॅपटॉपचे स्पीकर: निम्मा सिनेमा तिथेच गेला. संवादांचा वेग भयंकर आहे, सबटायटल्स लागतीलच. भीती म्हणाल तर बेताची, शेवटही साधारण कळून चुकतो. पण रक्तपात नाही. आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकलेल्या आईबाबांबरोबर चौघांपैकी हाच बघता येईल.

या जातीच्या सिनेमांचा खरा घात होतो तो राक्षस दाखवायच्या क्षणी. १९७४ च्या 'डार्क स्टार'मध्ये परग्रहावरचा प्राणी म्हणून चक्क पंजे लावलेला बीचबॉल आहे. तो सिनेमा विनोदी होता म्हणून निभावलं. त्याचा सहलेखक डॅन ओबॅनन पुढे 'एलियन' (१९७९) लिहून गेला, हा भाग वेगळा. वरच्या तिघांनी शहाणपणाने हा प्रश्नच टाळला आहे.

'मॉन्स्टर्स'ने टाळला नाही, नावातच राक्षस घेतले. तिथेच गफलत होते. गॅरेथ एडवर्ड्सने पाच लाख डॉलरच्या आत, मूठभर माणसं बरोबर घेऊन, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत फिरत तो काढला. पण पडद्यावर बराच वेळ दोन माणसं चालतात, बोलतात, हळूहळू प्रेमात पडतात. राक्षस तुरळक. ज्यांनी नाव बघून पॉपकॉर्न आणलेत त्यांचे मोबाइल अर्ध्या तासात बाहेर येतात.

मेख ती ही: स्वतः शॉर्टफिल्म काढायच्या नादात असाल तर मात्र चौघांत पहिला हाच बघा. इफेक्ट्स एडवर्ड्सने घरच्या कॉम्प्युटरवर स्वतः केले, आणि पुढे त्याच्या हातात 'गॉडझिला' (२०१४) आला. प्रेमकथा फास्ट फॉरवर्ड करा. खऱ्या रस्त्यावर नंतर चिकटवलेले इशाऱ्याचे फलक, लांब पडलेलं लष्करी भंगार, आकाशातली हेलिकॉप्टरं, असं काही दिसलं की पॉज करा आणि त्यातलं तिथे खरोखर काय होतं ते ओळखून दाखवा.