गावाबाहेर राहणाऱ्यांचा वर्ग : धंतोलीतील तीन रविवार

भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावाच्या नागपूरनिवासी मंडळाचा कोषाध्यक्ष म्हणून गेली ११ वर्षे मी पावतीपुस्तके सांभाळतो आहे. या काळात मंडळाने गावात एक सभामंडप बांधला, एक बोअरवेल खोदली आणि शाळेला दोन संगणक दिले; ते संगणक सध्या मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद आहेत. म्हणूनच गाव सोडलेल्यांच्या मंडळांसाठी धंतोलीतील एका संस्थेने तीन रविवारांचा प्रशिक्षणवर्ग जाहीर केला, तेव्हा १,५०० रुपये शुल्क भरून मी नाव नोंदवले. शुल्क मंडळाच्या खात्यातून नव्हे, माझ्या खिशातून गेले, हेही येथे नोंदवून ठेवतो.

व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगायचे तर सकाळच्या चहाबरोबरचे तर्री पोहे उत्तम होते, सभागृह मात्र वरच्या मजल्यावर होते आणि एप्रिलच्या उन्हात चालणारा कूलर इतका आवाज करी की मागच्या तीन ओळींना निम्मे ऐकूच येत नसे. पहिला रविवार ओळखी, उद्दिष्टे आणि फलकावरच्या आकृत्या यांत गेला. तो वगळला असता तरी कोणाचे काही अडले नसते.

दुसरा रविवार संपूर्णपणे नायजेरियातील गावसंघांना दिलेला होता. माझ्या शेजारी बसलेल्या साकोलीकडच्या गृहस्थांनी कार्यक्रमपत्रिका पाहून, "आमच्या गावाचा आणि नायजेरियाचा काय संबंध?" असे हळूच विचारले होते, दुपारी एक वाजता तेच व्याख्यात्या बाईंना उठू देत नव्हते. बाईंनी सुरुवात इग्बो भाषकांच्या आग्नेय नायजेरियापासून केली. ब्रिटिश राजवटीत तेथील तरुण रेल्वे, खाणी आणि व्यापार यांच्या मागे लागोस, कानो, जोस अशा दूरच्या शहरांत गेले, तेथे एका गावच्या माणसांनी संघ स्थापले, आणि आज त्याच संघांच्या शाखा लंडन व ह्यूस्टनपर्यंत आहेत. 'आकू रुओ उलो', म्हणजे कमावलेले धन घरी पोहोचले पाहिजे, ही त्यांची म्हण बाईंनी फलकावर लिहिली आणि ती दिवसभर पुसली नाही. शेजारच्या इबिबिओ लोकांच्या संघाची हकीकत तर मी वहीत उतरवून घेतली : १९२८ मध्ये स्थापन झालेल्या या संघाने लोकांकडून वर्गणी जमवून १९३८ मध्ये सहा तरुणांना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवले. रस्ता किंवा देऊळ बांधण्याआधी माणसे शिकवावीत, हा विचार वर्गणीच्या पैशाबाबत आमच्या मंडळात आजही सहजासहजी मंजूर होणार नाही.

व्याख्यानाचा गाभा तेथील यादवी युद्धानंतरच्या काळाविषयी होता. १९६६ मध्ये लष्करी सरकारने राजकीय पक्षांबरोबर वांशिक संघटनांवरही बंदी घातली. पुढे आग्नेय नायजेरियाने 'बियाफ्रा' या नावाने वेगळे राष्ट्र जाहीर केल्यावरून १९६७ ते १९७० या काळात युद्ध झाले, आणि ते संपल्यावर तेथील ज्यांची बँकेत खाती होती त्यांना मूळ रक्कम कितीही असली तरी सरसकट २० पौंडच मिळाले. अशा होरपळलेल्या प्रदेशात पडझड झालेल्या शाळा, दवाखाने आणि बाजार पुन्हा उभे करण्याचे फार मोठे ओझे गावसंघांनी उचलले. सरकारवर विसंबून राहण्याची सोयच नसल्यामुळे संघाचे वजन वाढले, हे बाईंचे विश्लेषण मला पटले, कारण आमच्याकडे नेमके उलटे घडते : अर्ज जिल्हा परिषदेकडे करायचा आणि वर्गणी फक्त सप्ताहाच्या पंगतीसाठी काढायची.

त्या संघांची शिस्त ऐकून सभागृहात कुजबूज झाली. सभेला उशिरा आल्यास दंड, ठरलेली वर्गणी न दिल्यास थकबाकी, आणि अनेक गावांत थकबाकीदाराच्या घरी मृत्यू झाला तर आधी हिशेब पूर्ण केल्याखेरीज अंत्यविधीला संघाचे सहकार्य मिळत नाही. शहरांत राहणाऱ्या स्त्रिया ऑगस्ट महिन्यात गावी परतून आपली स्वतंत्र सभा भरवतात, स्वतःची वर्गणी काढतात आणि स्वतःची कामे ठरवतात. आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत एकही स्त्री नाही, हे सांगताना मला संकोच वाटतो. अंत्यविधीची अट मला व्यक्तिशः क्रूर वाटली, पण ती चालते याचे कारण असे की इग्बो माणसाला शेवटी गावातच पुरले जावे अशी इच्छा असते. आपली राख मात्र अंबाझरी घाटावरून थेट रामटेकला किंवा पुढे प्रयागला जाते, गावाला त्यात विचारतो कोण?

बाईंनी या संघांचे केवळ गुणगान केले नाही, हे विशेष. दूर राहणाऱ्यांच्या हाती पैसा असल्याने निर्णयही त्यांच्याच हाती जातो, आणि इमारत बांधली गेली तरी तिथली परिचारिका आणि औषधे यांचा रोजचा खर्च कोण करणार हा प्रश्न मागे उरतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. यावर उदाहरण म्हणून आग्नेय नायजेरियातील अनांब्रा राज्याची योजना आली : विली ओबियानो राज्यपाल असताना राज्याने प्रत्येक गावसमुदायाला दोन कोटी नायरा (तेथील चलन) देऊन काम निवडण्याचा अधिकार गावकऱ्यांकडेच ठेवला होता. या एका मुद्द्यावर आणखी तासभर चर्चा व्हायला हवी होती, पण तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

तिसऱ्या रविवारी हिशेब आणि कायदा हे विषय होते, आणि येथे संस्थेने निराशा केली. माझा अमेरिकेचा नागरिक झालेला पुतण्या गावातील पाणी शुद्धीकरण यंत्रासाठी पैसे पाठवू इच्छितो. त्याविषयी विचारले असता, "घरचाच माणूस आहे, सरळ मंडळाच्या खात्यात घ्या," असे उत्तर मिळाले. हे उत्तर धोकादायक आहे. परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी, ती व्यक्ती भारतीय वंशाची असली तरी, परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या २०१० च्या एफसीआरए कायद्यानुसार विदेशी ठरते. ती घेण्यासाठी मंडळाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो. भारतीय पासपोर्ट कायम ठेवून परदेशी नोकरी करणाऱ्याने बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून पाठवलेल्या रकमेला हे बंधन नाही. एवढा फरक प्रशिक्षकाला ठाऊक नसावा, आणि तोही शुल्क घेणाऱ्या वर्गात, हे क्षम्य नाही. मी हे लेखी कळवले आहे. उत्तर आलेले नाही.

एवढे असूनही दुसऱ्या रविवारसाठी मी १,५०० रुपये पुन्हा देईन. नाव नोंदवणाऱ्यांनी पुढच्या ओळीत बसावे, आणि कायद्याचे प्रश्न आपल्या चार्टर्ड अकाउंटंटकडे न्यावेत. पुतण्याला मी तूर्त थांबायला सांगितले आहे, आणि यंत्र आले तर त्याचे वीजबिल कोण भरणार, हे विचारणारे पत्र ग्रामपंचायतीला मंडळाच्या शिक्क्यानिशी पाठवले आहे.