सीएनजी घ्यावी की इलेक्ट्रिक? कोल्हापूर-पुणे रस्त्याच्या हिशोबाने

कोल्हापुरात नवी गाडी घेताना शहरातल्या फिरण्याची चिंता करू नका. राजारामपुरी ते उचगाव कुठलीही गाडी जाते. अडतं ते पुण्याच्या २३० किलोमीटरला. तिथे सरकारी धोरण काय म्हणतं हे जसं पाहायचं, तसंच त्यातलं आपल्या वाट्याला काय येतं तेही पाहायचं.

आधी इलेक्ट्रिक. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २० किलोमीटरला एक चार्जिंग स्टेशन हवं. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात हे अंतर २५ किलोमीटर आहे. पण गाडीवाल्याचे प्रश्न वेगळे असतात: तिथे गन (गाडीला लावायचे चार्जिंगचे प्लग) किती, त्यातल्या चालू किती, आणि रविवारी संध्याकाळी आपला नंबर कधी लागणार. ४० युनिटची बॅटरी १० टक्क्यांवरून ८० वर न्यायला २८ युनिट लागतात. ३० किलोवॉटच्या चार्जरवर त्यात तास जातो, आणि आपल्या आधी एक गाडी लागलेली असेल तर दोन. म्हणून मला वाटतं, सरकारने अंतराइतकाच आग्रह गनच्या संख्येचा आणि त्या चालू राहण्याचा धरायला हवा.

टोलमाफीचं नीट समजून घ्या, कारण इथे कोल्हापूरकराची हमखास गल्लत होते. इलेक्ट्रिक गाड्यांना पूर्ण माफी आहे ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर, ऑगस्ट २०२५ पासून. पुण्याच्या वाटेवरचे किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर यातले कुठलेच नाके त्या यादीत नाहीत. वारंवार मुंबईला जाणाऱ्यालाच हा फायदा खऱ्या अर्थाने मिळतो. राष्ट्रीय महामार्गासाठीचा वार्षिक फास्टॅग पास तर खासगी गाडीला मिळतोच, इंधन कुठलंही असो. तेव्हा टोलमाफीकडे बघून इलेक्ट्रिक घेऊ नका.

घ्यायची तर करासाठी घ्या. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के, छोट्या सीएनजी गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून १८. राज्याच्या धोरणात इलेक्ट्रिकला मोटार वाहन कर माफ आहे; सीएनजी गाड्यांचा कर मात्र २०२५ मध्ये एका टक्क्याने वाढला.

सीएनजीची व्यवस्था महामार्ग धरून नाही, तर जिल्हावार वाढते. केंद्राचं पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ एकेक भौगोलिक क्षेत्र एकेका कंपनीला देतं. कोल्हापूर जिल्हा एचपीऑईल गॅसकडे आहे. किणीच्या पुढे वारणा ओलांडली की कंपनी बदलते, पुण्यात पुन्हा तिसरी. त्यामुळे दरही जागोजागी वेगळा. राज्याने एप्रिल २०२२ मध्ये सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, हा मात्र सगळीकडे लागू असलेला दिलासा. ज्या पंपावर पाइपलाइन पोचलेली नाही तिथे गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. ट्रकला उशीर झाला की रांग लागते, प्रेशर उतरलं की टाकी पुरती भरत नाही. पूर्ण भरली तर आठ-नऊ किलो, म्हणजे साधारण पुण्यापर्यंतची सोय. संपली तरी पेट्रोल आहेच. डिकीतली जागा मात्र जाते, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) विसरून चालत नाही.

आपल्या जिल्ह्यासाठी एक गोष्ट मोलाची. शहर गॅस कंपन्यांना २०२५-२६ पासून १ टक्का आणि २०२८-२९ पर्यंत ५ टक्के बायोगॅस मिसळणं बंधनकारक केलं आहे. हा बायोगॅस साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासूनही (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून) बनतो, आणि प्रेसमडची आपल्याकडे वाण नाही. आपल्याच उसाच्या प्रेसमडवर आपल्या गाड्या धावाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, वाहतूक थांबली. अशा वेळी सीएनजीचा ट्रक येत नाही आणि वीजही जाऊ शकते. दोन इंधनांची गाडी तेव्हा उजवी ठरते. पंचगंगेच्या पूररेषेत राहणाऱ्यांनी याला जास्त वजन द्यावं.

माझा कौल असा: गाडी रात्री स्वतःच्या दारात लागत असेल, चार्जर बसवायला जागा असेल आणि फिरणं बहुतेक इचलकरंजी, कागल, गोकुळ शिरगाव एवढ्यातच असेल, तर इलेक्ट्रिक घ्या, महिन्यातून एखादी पुण्याची फेरी तिच्यात निभावते. फ्लॅटमध्ये पार्किंग सामाईक असेल, तर बुकिंगआधी सोसायटीची लेखी परवानगी आणि महावितरणच्या वाढीव भाराचं बघा. ते जमत नसेल, किंवा आंबा, फोंडा घाट उतरून कोकणातल्या आडगावांत सारखं जावं लागत असेल, तर सध्या सीएनजीच बरी.