लांब पल्ल्याचं काडतूस निवडताना: .३०८, ६.५ क्रीडमोर की ६ एमएम?

(हे आकडे गोळीच्या जाडीचे: .३०८ इंचांत, बाकीचे दोन मिलिमीटरमध्ये.) आधी एक हिशेब मांडा. वर्षभरात तुम्ही किती गोळ्या झाडणार आहात? पीआरएस (प्रिसिजन रायफल सिरीज: वेळ लावून, वेगवेगळ्या जागांवरून पाट्यांवर नेम) पद्धतीचा दोन दिवसांचा सामना दोनशेच्या आसपास काडतुसं खातो, एफ-क्लासचा (झोपून, रायफल टेकवून दूरच्या वर्तुळांच्या निशाणावर नेम) एक दिवस साठ-सत्तर. त्यात सराव आला, झिरो (स्कोप आणि नळीचा मेळ) तपासणं आलं, काडतुसांच्या नव्या लॉटच्या चाचण्या आल्या. मन लावून खेळणाऱ्याचे दोन हजार कधी होतात ते कळतही नाही. हा आकडा न विचारता जो तुम्हाला काडतूस सुचवतो, तो स्वतःचं काडतूस सुचवत असतो. रेंजवर असे सल्लागार पैशाला पासरी भेटतात. मीही त्यातला एक होतो.

दुसरा प्रश्न, खेळायचं कशात? एफ-क्लासचे दोन गट, एफ-टीआर आणि एफ-ओपन. एफ-टीआरमध्ये दोनच काडतुसं चालतात: .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर. तिथे प्रश्न नियमानेच सुटतो. (.२२३ मध्ये ८०-९० ग्रेन वजनाच्या लांब गोळ्या भरून हजार यार्डांवर खेळणारे आहेत, पण वाऱ्याशी कुस्ती खेळण्याची हौस असेल तरच त्या वाटेला जा.) एफ-ओपनमध्ये ८ मिलिमीटरपर्यंतचं काहीही चालतं आणि रायफल १० किलोपर्यंत. पीआरएसमध्ये गोळी .३०८ इंचापेक्षा जाड नको आणि वेग सेकंदाला ३,२०० फुटांच्या वर नको. .३३८ लापुआ मॅग्नमचं आकर्षण असेल, तर तो दीड-दोन किलोमीटरचा वेगळा खेळ आहे.

आता वारा. खरी गंमत इथेच आहे.

हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. अमेरिकी एफ-क्लासच्या निशाणावर या अंतरासाठी दहाचं वर्तुळ १० इंच व्यासाचं असतं, आतला एक्स ५ इंचांचा. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा धरा, म्हणजे झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतील एवढा. .३०८ ची १७५ ग्रेनची मॅच गोळी सेकंदाला ७९० मीटरने निघते आणि निशाणापर्यंत सुमारे अडीच मीटर बाजूला वाहत जाते. ६.५ क्रीडमोरची १४० ग्रेनची गोळी ८२५ मीटरने निघते आणि पावणेदोन मीटर सरकते. ६ एमएमच्या १०५ ते ११० ग्रेनच्या गोळ्या ६.५ च्या आगेमागेच असतात. .२८४ विंचेस्टरमधली १८० ग्रेनची लांबुडकी गोळी दीड मीटरच्या आसपास.

अडीच मीटर ऐकून घाबरू नका. वारा अडीच मीटर नेणार हे पक्कं ठाऊक असेल, तर तेवढं आधीच धरून चाप ओढता येतो. गुण जातात ते वारा ओळखण्यात झालेल्या चुकीमुळे. समजा, तुमचा अंदाज ताशी फक्त ३ किलोमीटरने चुकला. .३०८ ची गोळी मध्यापासून ४७ सेंटिमीटर लांब जाते आणि सातमध्ये बसते. ६.५ ची ३३ सेंटिमीटर जाते आणि आठमध्ये. चूक तीच, गुण वेगळे. आणि ताशी ३ किलोमीटरची चूक ही काही नवशिक्याची मक्तेदारी नाही. स्कोपमधून निशाणावर नजर लावून बसलं की मृगजळाच्या लाटा उजवीकडून डावीकडे वाहताना दिसतात. मग क्षणभर त्या उकळत्या पाण्यासारख्या सरळ वर जातात आणि लगेच उलट्या वाहू लागतात. तेवढ्यात बोट चापावर गेलेलं असेल, तर झालंच.

.३०८ बद्दल आणखी एक गोष्ट, कारण जुनी काडतुसं स्वस्तात मिळाली की नवे लोक इथे हमखास फसतात. १६८ ग्रेनची सिएरा मॅचकिंग ही फार नावाजलेली गोळी, पण ती घडवली ३०० मीटरच्या स्पर्धांसाठी. वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरू लागला की तिच्या शेपटीच्या आकारामुळे ती डगमगते, आणि हजार यार्डांच्या आधीच तिचा तोल जातो. सहाशे यार्डांपर्यंत मात्र ती सोन्यासारखी. हजारासाठी १७५ पासून पुढे चला. एफ-टीआरवाले तर ३० इंची बॅरल लावून १८५ ते २०० ग्रेनच्या गोळ्या मारतात आणि ६.५ शी असलेलं अंतर बरंच भरून काढतात. त्याची किंमत खांदा मोजतो.

६.५ क्रीडमोर २००७ मध्ये हॉर्नाडीने आणलं. नाव घेतलं न्यूयॉर्कजवळच्या जुन्या क्रीडमोर रेंजवरून, जिथे १८७४ मध्ये आयर्लंड आणि अमेरिकेचा गाजलेला सामना झाला होता. या काडतुसात जादू कुठलीच नाही, रचना मात्र शहाणपणाची आहे. पुंगळी आखूड ठेवली, त्यामुळे लांब, निमुळती गोळी मॅगझिनमध्ये मावते आणि तिचा मागचा भाग दारूच्या जागेत फार घुसत नाही. बॅरलचा पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा) आठ इंचांत एक फेरा, हे पहिल्यापासून ठरलेलं. कोणत्याही कारखान्याची रायफल घेतली तरी जड गोळ्या स्थिर राहतात. याउलट .२४३ विंचेस्टर पाहा. ते १९५५ चं, पुंगळी ६ क्रीडमोरपेक्षा (६.५ चंच ६ एमएम भावंड) थोडी मोठीच. पण कारखान्याच्या बहुतेक रायफलींना दहा इंचांत एक असा सुस्त पीळ, त्यामुळे ६ एमएमच्या लांब मॅच गोळ्या तिथे नीट फिरतच नाहीत. जुनी .२४३ घरात पडून असेल, तर तिच्यावर बेत रचण्याआधी पीळ मोजा.

मग पीआरएसमध्ये वरच्या फळीतले नेमबाज ६ एमएमकडे का वळले? वाऱ्याचा फायदा तर फारसा नाही. कारण आहे धक्का. सारख्या वजनाच्या रायफलीत डॅशर या ६ एमएम काडतुसाचा धक्का .३०८ च्या निम्म्याच्या आसपास भरतो. रायफल जागची हलत नाही, स्कोपमधलं चित्र तुटत नाही, आणि तुमची गोळी पाटीच्या डाव्या कडेला लागली की वरून धूळ उडाली, हे तुम्हाला स्वतःला दिसतं. पुढची गोळी त्यावरून सुधारता येते. वेळ लावलेल्या टप्प्यात याची किंमत कुठल्याही तक्त्यात मावत नाही. .३०८ ने तेच केलं तर रायफल उसळून परत निशाणावर येईपर्यंत धूळ विरलेली असते. एफ-क्लासमध्ये मात्र प्रत्येक गोळीनंतर निशाण खाली जाऊन खूण लागून वर येतं, म्हणून तिथे हा मुद्दा बराच बोथट होतो.

६ एमएममध्येही भावंडं आहेत. ६ क्रीडमोर म्हणजे ६.५ च्याच पुंगळीची मान आवळलेली. वेग भरपूर, तयार काडतुसं मिळतात, पण बॅरल खाण्यात पहिला नंबर. डॅशर ६ एमएम बीआरपासून निघालं. दारू कमी, बॅरल जास्त टिकतं, अचूकतेला तोड नाही. पण पुंगळी इतकी बुटकी की साध्या मॅगझिनमधून नीट चढत नाही, त्यासाठी वेगळा जोड लागतो. ६ जीटी याच दुखण्यावरचा उतारा.

बॅरलचं सांगतो. माझं पहिलं ६ क्रीडमोरचं बॅरल वापरलेलं होतं. विकणारा म्हणाला, "फार तर पाचशे गोळ्या गेल्या असतील." बोअरस्कोप (नळीच्या आत पाहायची दुर्बीण) आत घातला तेव्हा चेंबरच्या पुढची चार बोटं जागा आटलेल्या तळ्याच्या तळासारखी दिसली: काळपट, भेगाळलेली, पिळाच्या खाचांच्या कडा झिजून गोल झालेल्या. पाचशे कुठले! दोनेकशे गोळ्यांत वेग घसरू लागला आणि गोळ्या उंचीत पसरू लागल्या. कारण साधं आहे. नळी जेवढी अरुंद आणि दारू जेवढी जास्त, तेवढी आग घशाशी एकवटते. म्हणून स्पर्धेच्या अचूकतेत .३०८ चं बॅरल पाच हजार आणि त्याहून जास्त गोळ्या काढतं, ६.५ क्रीडमोरचं दोन ते तीन हजार, ६ क्रीडमोरचं बाराशे ते अठराशे. तापलेल्या बॅरलमधून सलग झाडलं तर आणखी कमी. आता सुरुवातीचा हिशेब पुन्हा काढा: वर्षाला दोन हजार गोळ्या म्हणजे ६ क्रीडमोरवाल्याला दर वर्षी एकाहून जास्त बॅरल, आणि बदल बहुधा हंगामाच्या मधोमधच.

.२८४ विंचेस्टर थोडक्यात. १९६३ चं काडतूस, बाजारात फारसं चाललं नाही, आणि आज एफ-ओपनमध्ये मान मिळवून बसलं आहे. वाऱ्यात त्याच्यासमोर वरची सगळीच फिकी. पण दुकानातून उचलून आणण्यासारखी मॅच काडतुसं त्याला जवळजवळ नाहीत, स्वतः भरणं भाग, आणि बॅरलही लवकर जातं. पहिली रायफल म्हणून कुणी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

स्वतः काडतुसं भरणार नसाल, तर निवड आणखी सोपी. १००० यार्डांवर ६.५ क्रीडमोरच्या दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला ६ मीटरचा फरक पडला, तर उंचीत साधारण १२ सेंटिमीटरचा फरक दिसतो, म्हणजे जवळपास पूर्ण एक्सएवढा. तेव्हा जे काडतूस एकाच लॉटमध्ये, सातत्याने, पुरेशा संख्येने मिळेल ते घ्या. तयार मॅच काडतुसांत .३०८ आणि ६.५ क्रीडमोर यांच्याइतकी निवड बाकीच्यांना नाही. डॅशरवाला जवळजवळ नेहमीच भरणारा असतो. त्याच्या संध्याकाळी दारू तोलत तराजूपुढे जातात.

एफ-टीआर खेळायचं नक्की असेल, तर .३०८ घ्या आणि मागे वळून पाहू नका. वाऱ्याची तालीम .३०८ वरच होते, हा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. वारा ६.५ वरही शिकता येतो, आणि चुकल्यावर खांदा दुखत नाही. बाकी कुणीही, पीआरएस असो की अजून काही ठरलेलं नसो, ६.५ क्रीडमोर घ्या. ते पहिलं बॅरल पुरतं झिजवा, गोळ्यांची नोंदवही ठेवा, आणि ते उतरवायची वेळ येईल तेव्हा ६ एमएमचा विचार करा. .३०८, ६.५ क्रीडमोर, ६ क्रीडमोर, डॅशर, जीटी, इतकंच काय .२८४ सुद्धा, या सगळ्यांचं बूड .४७३ इंचांचं आहे. त्यामुळे बोल्ट तोच चालतो, दस्ता आणि स्कोपही तेच. ६ क्रीडमोर घेतलंत तर मॅगझिनही तेच, फक्त नळी बदलायची.