एकाच पोथीतील औषध आणि प्रार्थना: कोकेन यांच्या तीन खंडांचा वापरानंतरचा अनुभव

ऑस्वाल्ड कोकेन यांनी १८६४ ते १८६६ या काळात प्रसिद्ध केलेले जुन्या इंग्रजीतील वैद्यकाचे तीन खंड गेले अनेक महिने माझ्या नित्य वाचनात आहेत. त्यांच्या स्कॅन प्रती विनामूल्य मिळतात. मूळ पाठ आणि भाषांतर समोरासमोर छापल्यामुळे जुनी इंग्रजी न शिकलेल्या वाचकालाही मुळाचा माग काढता येतो. मात्र भाषांतराची भाषा मुद्दाम जुन्या वळणाची ठेवलेली असल्याने आरंभी वाचन संथ होते. वनस्पतींची कोकेन यांनी पटवलेली ओळख प्रमाण मानू नये, असे माझे मत आहे.

दुसऱ्या खंडात दहाव्या शतकातील ‘बाल्डचे वैद्यकपुस्तक’ आहे. लसूण, तिच्याच कुळातील आणखी एक वनस्पती, वाइन आणि बैलाचे पित्त एकत्र करून पितळी भांड्यात नऊ रात्री ठेवायचे, असे डोळ्यांचे औषध त्यात सांगितले आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी ते तयार केले आणि त्याने प्रयोगशाळेत एमआरएसए हे अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू मारल्याचे २०१५ मध्ये जाहीर केले. तेव्हापासून अनेक जण हा ग्रंथ त्या एका औषधासाठीच उघडतात, याचे मला वाईट वाटते. कारण त्याच पोथीत, झपाटलेल्या माणसासाठी वनस्पतींवर सात मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासनाविधी) करून, लसूण व पवित्र पाणी घालून, स्तोत्रे गाऊन, ते पेय चर्चच्या घंटेतून पाजण्याची कृतीही तितक्याच काटेकोरपणे लिहिलेली आहे. तिसऱ्या खंडातील ‘लाकनुंगा’ या औषधोपचारांच्या संग्रहामध्ये एकाच रंगाच्या गाईच्या लोण्याचे मलम आहे आणि ते ढवळायच्या काठीवर मत्तय, मार्क, लूक व योहान ही चार शुभवर्तमानकारांची नावे लिहायची आहेत. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने काठी आणि नावे दोन्ही औषधाचाच भाग होती.

या खंडांची खरी उणीव अशी की त्या काळच्या खासगी प्रार्थनापोथ्या त्यांत नाहीत. त्यासाठी ‘सर्नचे पुस्तक’ या जुन्या प्रार्थनापोथीची कायपर्स यांनी संपादित केलेली १९०२ ची केंब्रिज आवृत्ती शेजारी ठेवावी. तिच्यातील प्रार्थना मुख्यतः लॅटिनमध्ये आहेत, तरीही हे कष्ट घेण्याजोगे आहेत, कारण डोक्यापासून पायांपर्यंत एकेका अवयवाचे नाव घेऊन रक्षण मागणारी ‘लोरिका’ ही प्रार्थना सर्नच्या पोथीतही आढळते आणि ‘लाकनुंगा’च्या हस्तलिखितातही. ज्यांच्या पाठात कवचस्तोत्रे आहेत, त्यांना तिची रचना लगेच ओळखीची वाटेल. कायपर्स यांच्याच आवृत्तीच्या परिशिष्टात छापलेल्या ‘रॉयल प्रार्थनापोथी’त तर येशूने रोगी बरे केल्याचे उतारे आणि रक्तस्राव थांबवण्याच्या प्रार्थना आहेत. एकांतात प्रार्थना करणाऱ्या माणसाचे शरीर आजारी असू शकते, हे या पोथ्या क्षणभरही विसरत नाहीत. ॲसर या बिशपने ८९३ मध्ये लिहिलेल्या चरित्रातील वेसेक्सचा (इंग्लंडमधील एका राज्याचा) आल्फ्रेड राजा असाच आहे: दीर्घ आजाराने त्रस्त, पहाटे गुपचूप चर्चमध्ये जाऊन प्रार्थना करणारा.

नव्या वाचकाने तिसऱ्या खंडापासून सुरुवात करावी. पहिला खंड मुख्यतः लॅटिन वनस्पतिग्रंथाच्या जुन्या इंग्रजी भाषांतराचा असल्याने तो नंतर वाचला तरी चालेल.